मिन-गीच्या आईला सांगायचं राहिलेलं

१० फेब्रुवारी २००९

नोर्जमा मावशी,

पोचलो. विमानतळावर तू आली नाहीस म्हणून आधी तोंड फुगवून बसलो होतो. मग म्हटलं, खोक्यांच्या कारखान्यात तुला कोण सुट्टी देणार? राग गेला.

फोनची वाट पाहू नकोस. पहिल्या वर्षाच्या आम्हा बावीस पोरांचे फोन सीनियरांनी गोणीत भरून नेले. वर्ग दोन मार्चला सुरू होणार, तोवर ‘तयारी’. तयारी म्हणजे पहाटे पाचला डोंगरावर धावायचं, दिवसभर ज्युडो आणि मधल्या वेळात सीनियर सांगतील ते. वसतिगृहात भिंतीला चिकटून चालायचं. सीनियर दिसला की कमरेतून वाकून नाव, विभाग, वर्ष ओरडायचं. माझ्यापेक्षा दाराचा आवाजसुद्धा मोठा होता म्हणून पहिल्याच दिवशी तीनदा ओरडायला लावलं.

पत्रं मात्र लिहू देतात. आधी तपासतात, पण आपली मंगोल भाषा इथे कोणाला येते? प्यो म्हणून तिसऱ्या वर्षाचा कॅप्टन आहे. त्यानं माझा कागद उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. म्हणून तुला बिनधास्त लिहितोय.

काल एक भानगड झाली. न्हाणीघरातून बाहेर पडताना माझा पाय ह्या प्योच्या पायावर पडला. मी काय केलं असेल? आपण काय करतो? पटकन त्याचा हात धरला आणि हलवला. आईनं चालायला शिकवलं तेव्हापासूनची सवय, त्यात विचार कसला करायचा. तो आधी माझ्या हाताकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. शेवटी म्हणाला, “ह्यानं मला हात दिला.”

पुढचा पाऊण तास आम्ही बावीसजण हात पाठीमागे बांधून, कपाळ फरशीला टेकवून, ढुंगण वर करून उभे होतो. जो कलंडेल त्याच्या मांडीवर बॅट. साधी बेसबॉलची बॅट, चिकटपट्टी गुंडाळलेली. मला सहा बसल्या. बसताना अजून कण्हतोय. मावशी, मी आर्वायखेरच्या नादामच्या कुस्त्यांत दोन वर्षं ओळीनं शेवटच्या फेरीपर्यंत गेलेला माणूस आहे. त्या प्योला मी एका दमात आडवा करू शकतो. हात शिवशिवत होते. पाठीमागेच बांधून ठेवले.

आता बाकीची पोरं माझ्याशी बोलत नाहीत, कारण मार माझ्यामुळे पडला. आईला यातलं काही कळवू नकोस. आणि हो, कॉलेजच्या फॉर्मवर ‘कोरियातले पालक’ म्हणून तुझं नाव आणि पत्ता लिहिलाय.

चिंझो


१३ फेब्रुवारी

अरे मेंढरा,

तुझं पत्र खोक्यांच्या ढिगावर बसून वाचलं. आधी हसले, मग रडले, मग फोरमन ओरडला म्हणून उठले.

इथे हात मोठ्यानं पुढे करायचा. धाकट्यानं तो दोन्ही हातांनी धरायचा आणि वाकायचं. तू त्याच्या तोंडावर थुंकला असतास तरी त्याला इतकं लागलं नसतं. आपल्याकडे पाय लागल्यावर हात मिळवला नाही तर वैर धरलं असं होतं, इथे मिळवलास म्हणून झालं. कॉलेजात जायच्या आधी हे तुला शिकवायला हवं होतं. चूक माझी.

आता नीट ऐक. तुझे ते शिवशिवणारे हात खिशात घाल. मला पहिल्या वर्षी फोरमननं चिकटपट्टीच्या रिळानं पाठीत हाणलं होतं. मी वाकले, चुकलं म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यानं मला मशीनची कॉफी आणून दिली. इथे रीत अशी आहे की वाकलं की संपतं. नऊ वर्षं मी हेच करत आले आणि अजून उभी आहे.

एक काम कर. त्या पोरांतला एखादा तरी बरा असेल. त्याला धर. कसं बोलायचं, कुठे बघायचं, ते त्याच्याकडून शीक आणि त्यालाच बरोबर घेऊन जा. इथल्या माणसानं मध्ये पडून माफी मागितली की ऐकतात. एकटा जाऊ नकोस, पुन्हा काहीतरी मिळवून येशील.

फॉर्मवर माझं नाव घालायच्या आधी विचारायचं होतंस. आता घातलंस तर घातलंस. पण कॉलेजचा माणूस इकडे पाठवू देऊ नकोस. मी फार कामात असते.

मावशी


१६ फेब्रुवारी

मावशी,

एक बरा सापडला. माझ्याच खोलीत होता. सोल मिन-गी. कोजे बेटावरचा, साठ किलो गटातला. घोरतो असा की खिडकी हलते. त्याची आई कालवं फोडायच्या कामाला जाते. रबरी हातमोजे घालूनही तिची बोटं कशी चिरलेली असतात ते त्यानं मला स्वतःच्या बोटांवर दाखवलं. ज्युडोवर कॉलेजात आलेला तो त्यांच्या गल्लीतला पहिलाच.

पहिले चार दिवस तोही गप्प होता. परवा मला म्हणाला, “तुझ्यामुळे माझं टाळकं अजून दुखतंय, रानटी माणसा. पण तू तो हात का दिलास ते सांग.” सांगितलं. ऐकून उशीत तोंड खुपसून हसला. म्हणाला, “म्हणजे तू माफी मागत होतास आणि आम्ही माफीपायी मार खाल्ला.” तेव्हापासून येता-जाता मुद्दाम माझ्या पायावर पाय देतो आणि हात पुढे करतो.

तू लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. मावशी शहाणी आहे म्हणाला. बुधवारी दुपारी सराव संपल्यावर आम्ही दोघं प्योकडे जाणार आहोत. काय बोलायचं ते त्यानं माझ्याकडून घोकून घेतलंय. मला वाटतं हे निस्तरेल. पोरं पुन्हा बोलायला लागली तर सगळं सोपं जाईल.

चिंझो


१८ फेब्रुवारी

चिंझो,

बघ, मी सांगत नव्हते? एक माणूस मिळाला की परक्या गावात घर झालं. मिन-गीला म्हणावं, मावशीनं आरूल पाठवलाय, वाळवलेल्या दह्याचे खडे आहेत, दात सांभाळून चाव. सोबतच्या पुडीत आहे. चीज समजून एकदम घास घेईल आणि तुझ्या नावानं शंख करेल.

आज बुधवार. तुम्ही जाऊन आला असाल. कसं झालं ते लगेच कळव. मी आज दिवसभर मशीनवर हेच मनात घोळवत होते.

मावशी


२० फेब्रुवारी

मावशी,

घाईत लिहितोय, अक्षर समजून घे.

बुधवारी गेलो. हॉलच्या मागे गाद्या ठेवायची खोली आहे, तिथे प्यो आणि त्याच्या वर्गाचे दोघं बसले होते. मी वाकलो, घोकलेलं बोललो. मिन-गीही वाकला. म्हणाला, “ह्याला आपली रीत माहीत नव्हती, आम्ही सांगायला हवी होती.” प्यो माझ्याकडे बघतच नव्हता. त्यानं मिन-गीला विचारलं, “म्हणजे चूक कुणाची?” मिन-गी म्हणाला, “आमची.” प्यो म्हणाला, “बरोबर. जनावराला कोण दोष देईल? खोलीतल्याचा दोष. तू ह्याला शिकवलं नाहीस.”

सगळ्या पोरांना बोलावून भिंतीशी रांगेत उभं केलं. मिन-गीला गाद्यांच्या थप्पीवर हात टेकून वाकायला सांगितलं. वीस फटके ठरले. एकाला मोजायला लावलं. सतरा झाल्यावर मोजणाऱ्याचा आवाज बंद पडला. मोजणं थांबलं की पुन्हा एकपासून, असा इथला नियम आहे. म्हणून पुन्हा एकपासून. मिन-गीच्या पँटला मागून रक्त आलं होतं. अकराव्याला त्याचे गुडघे गेले. तो खाली येत होता आणि बॅट तोवर निघालेली होती. कानामागे बसली. दारावर थाप पडावी तसा आवाज झाला.

मग प्यो स्वतः धावत जाऊन बर्फ घेऊन आला. त्याला उठवून बसवलं. “मर्द आहेस,” म्हणाला. सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. आणि आम्ही वाजवल्या, मावशी.

काल मिन-गीनं दोनदा ओकलं. उजेड नको म्हणून तोंडावर टॉवेल घेऊन पडून असतो. आरूलची पुडी आली तेव्हा त्यानं ती हातात घेतली आणि विचारलं, “हे काय?” मी सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. डॉक्टरकडे नेऊ म्हटलं तर प्यो म्हणतो, सर्दी आहे.

सीनियरांच्या सिगारेटी आणायला चाललोय, तेव्हाच हे पेटीत टाकतो. काय करू ते सांग.

चिंझो


२२ फेब्रुवारी

चिंझो,

पत्र कालच मिळालं असतं, पण घरमालकिणीनं जिन्यात ठेवून दिलं होतं. त्याला दवाखान्यात घेऊन जा. पाठीवर टाकून ने. कोणी आडवा आला तर त्याचं थोबाड फोड, मग काय व्हायचं ते होऊ दे. डोक्याचा मार आणि ओकारी म्हणजे सर्दी नव्हे. माझा नवरा घोड्यावरून पडला तेव्हा असाच दोन दिवस टॉवेल घेऊन पडला होता, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला पुरला.

मीच म्हटलं होतं, कोणाला तरी बरोबर घेऊन जा. माझ्या तोंडाला आग लागो.

मावशी


२४ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र पोचायच्या आधीच झालं. शनिवारी सकाळी मिन-गी उठलाच नाही. एक डोळा उघडा, त्यातली बाहुली ही एवढी मोठी. मी ओरडलो तेव्हा कुठे त्यांनी गाडी मागवली. डोकं उघडून रक्त काढलं म्हणतात. अजून शुद्ध नाही. नळ्यांवर आहे.

त्याच दिवशी दुपारी प्रशिक्षकांनी आम्हाला एकेकाला खोलीत बोलावून कोरा कागद दिला. ‘सोल मिन-गी एकवीस तारखेला सकाळी वसतिगृहाच्या जिन्यावरून पडला, मी पाहिलं’ असं स्वतःच्या अक्षरात लिहून सही करायची. आम्ही एकवीसजणांनी केली. माझ्या कोरियन अक्षराचं त्यांनी कौतुक केलं.

रविवारी त्याची आई आली, कामाचे गमबूट घालूनच. कालवांचं खोकं आणलं होतं बर्फात घालून. ते तिनं प्योच्या हातात दिलं. तिच्या पोराला उचलून गाडीत त्यानंच घातलं, असं तिला सांगितलं होतं ना. ती त्याच्यापुढे इतकी वाकली की तिची टोपी पडली. प्योनं ती उचलून दोन्ही हातांनी तिला दिली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल सरावात प्योनं मला जोडीला घेतलं. जमिनीवर आलो तेव्हा मी त्याच्या पाठीवर चढून गळ्याला पेच घातला. त्यानं गादीवर हात आपटला, म्हणजे सोड. मी सोडला नाही. दुसऱ्यांदा आपटला. मग हात आपटायचा थांबला, अंग सैल पडलं, पांढरी पँट पिवळी झाली. सगळे बघत होते, एकही पुढे आला नाही. मला बरं वाटत होतं, मावशी. हे तुला सांगायलाच हवं. शेवटी मी सोडला. का सोडला ते माहीत नाही.

तो दहा सेकंदांत उठला, खोकला, आणि हसला. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “आत्ता तू आमचा झालास. पुढच्या फेब्रुवारीत नवी पोरं येतील तेव्हा बॅट तुझ्याकडे.” आज सगळी पोरं माझ्याशी बोलतायत. जेवताना मला मांसाचा मोठा वाटा मिळाला.

मला हे नकोय. मी पोलिसांत जातो. दोन मार्चच्या आत जातो, नाहीतर मग जाणार नाही हे मला कळतंय. ते पालकाला बोलावतील असं ऐकतो. येशील ना?

चिंझो


२५ फेब्रुवारी, पांढऱ्या महिन्याचा पहिला दिवस

चिंझो,

नव्या वर्षाच्या सणादिवशी भांडायचं नाही, म्हणून शांतपणे लिहिते. जाऊ नकोस.

तू सही केली आहेस. आता उलटलास तर आधी खोटं का लिहिलंस म्हणून तुलाच धरतील. तू परका आहेस. एकवीस कागद एकीकडे आणि तुझं तोंड एकीकडे. शिष्यवृत्ती जाईल, व्हिसा जाईल. तुझ्या आईनं अख्ख्या आर्वायखेरला सांगून ठेवलंय की पोरगा कोरियाला शिकायला गेला. तो पोरगा बरा होईल आणि स्वतःच सांगेल. तोवर मान खाली घाल, सोमवारी वर्गात जाऊन बस.

आणि मला बोलावू नकोस. मला यायला जमणार नाही.

मांस भरून वाफवलेले चार बूज पाठवते आहे. पोचेपर्यंत दगड होतील, तरी खा.

मावशी


१ मार्च
परदेशी लोकांचं कोठडीघर

बाळा,

हे पत्र इथल्या बाईनं पोस्टात टाकायचं कबूल केलंय. घाबरू नकोस, मला कोणी मारलेलं नाही. जेवण कारखान्यापेक्षा बरं आहे.

आधी माझं खोटं सांगते. माझ्याकडे कागद नाहीत. सहा वर्षांपूर्वी संपले. विमानतळावर पोलीस असतात म्हणून तुला घ्यायला आले नाही. पंचवीसच्या पत्रात मी तुझा व्हिसा, तुझी आई, तुझी शिष्यवृत्ती असं सगळं रचलं, पण ते सगळं माझ्या स्वतःच्या भीतीनं लिहिलं होतं. तू पोलिसांत गेलास की ते माझ्या दारात येणार, एवढंच मला दिसत होतं. पत्र पेटीत टाकलं आणि रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या.

शुक्रवारी कारखान्यात आजारी आहे सांगून मिन-गीच्या दवाखान्यात गेले. लांबून त्या आईला बघायचं आणि परत यायचं ठरवलं होतं. बोळात ती बाकावर बसून नाशपाती सोलत होती. तिच्या शेजारी उंच, गोरा, केस बारीक कापलेला पोरगा होता. ती एकेक फोड काट्याला लावून त्याला देत होती आणि म्हणत होती, “खा, तूही बारीक झालास.” कोणी “प्यो” म्हणून हाक मारली आणि तो फोड चावत वळला.

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. तुझी सगळी पत्रं माझ्या पिशवीत होती. मी त्या बाईसमोर जाऊन उभी राहिले आणि वीस तारखेचं पत्र वाचायला लागले, आपल्या भाषेतून तिच्या भाषेत, एकेक वाक्य. मला कारखान्याची भाषा येते, सभ्य शब्द येत नाहीत, पण त्यासाठी कारखान्याचीच बरी पडली. प्यो उठून माझ्या हातातला कागद ओढायला आला. माझा दंड पिळला, अजून काळानिळा आहे. त्या आईनं सोलायच्या सुरीसकट त्याच्या अंगावर झेप घेतली. रखवालदारानं धरली नसती तर एकाच्या जागी दोन खाटा लागल्या असत्या. ती ओरडत नव्हती. तोंड मिटून त्याला लाथा मारत होती.

पोलीस आले. त्यांना मी पाकीट दाखवलं. शिक्का वीस तारखेचा आणि जिना एकवीस तारखेचा. वीसच्या पत्रात ओकारी आहे, टॉवेल आहे, कानामागचा फटका आहे. जिन्यावरून पडायच्या आदल्या दिवशी हे कसं लिहिलं गेलं, ते त्या एकवीस कागदांना विचारा म्हटलं. तरुण पोलीस होता. त्यानं तारीख दोनदा पाहिली, मग म्हणाला, “पत्र ज्यांना आलं त्यांचं नाव आणि ओळखपत्र लागेल, नाहीतर हे नुसतं कागदाचं चिटोरं.” मी पासपोर्ट दिला. बिचाऱ्यानं तो उघडून माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. “आधी कळलं असतं तर तुम्हाला जा म्हटलं असतं,” म्हणाला. मी म्हटलं, “लिही बाबा.”

चार तारखेच्या विमानात घालणार आहेत. नऊ वर्षांनी घरी जाते आहे, त्यात रडण्यासारखं काही नाही, तरी रडते आहे.

तुला बोलावतील. तू जे मला लिहिलंस तेच त्यांना सांग. काही गाळू नकोस.

मावशी


१५ मार्च
श्रीमती नोर्जमा, आर्वायखेर

मावशी,

मिन-गी गेला. पाच तारखेला. मी आईला फोनवर सांगितलं, तिच्याकडून तुला कळलं असेल.

प्यो आणि त्याच्याबरोबरचे दोघं आत आहेत. प्रशिक्षकांना काढलं. माझा जबाब दोन तास चालला. वर्ग सुरू झालेत. हजेरीत माझं नाव आहे, चौकशी संपेपर्यंत राहील म्हणतात.

पण तू म्हणालीस काही गाळू नकोस, आणि मी गाळलं होतं. पोलिसांपुढे गाळलं, त्याआधी तुझ्या पत्रात गाळलं. ‘एकाला मोजायला लावलं’ असं लिहिलं होतं ना? तो एक मी होतो. प्यो म्हणाला, तुझ्यासाठी मार खातोय, तूच मोज. मी मोजलं, मोठ्यानं, चांगल्या आवाजात. सतराला माझ्यानं बघवेना. मला वाटलं, मी गप्प झालो की ते थांबतील. मी गप्प झालो म्हणून पुन्हा एकपासून झालं. मी तीन आकडे अजून बोललो असतो तर अकरावा पुन्हा आलाच नसता. पहिल्या वेळी तो वीस सहन करून उभा राहिला असता. त्याला मी मारलं, असं मला दिवसभर वाटतं.

शनिवारी कोजेला गेलो. त्याची आई कालवांच्या शेडमध्ये होती, पन्नास बायकांच्या रांगेत. तिच्यापुढे ओल्या सिमेंटवर गुडघे टेकले आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. रांगेतल्या सगळ्या सुऱ्या थांबल्या. ती उठली. आधी हातमोजे काढले, मग मला मारलं. तोंडावर, डोक्यावर, खांद्यावर, दोन्ही हातांनी. माझ्या ओठातून रक्त आलं. मी हात वर केले नाहीत. दमली तेव्हा माझ्यासमोर उकिडवी बसली.

मग तिनं विचारलं, “तिथे किती पोरं होती?”

मी म्हटलं, “सीनियर धरून पंचवीस.”

“आणि तू सोडून कोणी काही केलं?”

“नाही.”

तिनं अंगावरच्या रबरी एप्रननं माझा ओठ पुसला. खारट पाण्यानं भयंकर झोंबलं. म्हणाली, “म्हणजे मोजताना का होईना, एकदा तरी कुणीतरी थांबलं होतं. मला वाटत होतं, कुणीच थांबलं नाही.”

मग मला बस स्टँडपर्यंत पोचवायला आली. उद्या सकाळी ती पोलीस स्टेशनवर येणार आहे. मोजणारा मी होतो हेही तिथे लिहून द्यायचं, तिच्यासमोर, असं तिनं मला बजावलंय.

तुझा,
चिंझो